टेबलावर चालतं, मळ्यात रीसेट होतं

वाचकांचे प्रश्न : फर्मवेअर (यंत्रातल्या चिपवर चालणारा प्रोग्राम)

मागच्या अंकात टास्क (एकाच चिपवर आलटून-पालटून चालणारी कामं) आणि आरटॉस (त्यांच्या पाळ्या लावणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टम) यांची तोंडओळख करून दिली आणि शेवटी सहज लिहून गेले, लॉकबद्दल, म्हणजे सामायिक वस्तूला एका वेळी एकाच टास्कने हात लावावा या व्यवस्थेबद्दल, काही अडलं तर विचारा. विचारलंत! नाशिकमधल्या अंबडच्या माझ्या वर्कशॉपमध्ये सोल्डरिंगच्या टेबलाचा एक कोपरा तुमच्या पत्रांनीच अडवलाय. त्यातली पाच घेतली आहेत. सदरात कोड छापायचा नाही हा संपादकबाईंचा जुना दंडक, त्यामुळे जे सांगायचं ते वाक्यांतच सांगते.

ताई, निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ठिबक आणि खतासाठी मी स्वतः कंट्रोलर बनवलाय. एसटीएम३२ बोर्ड, त्यावर फ्रीआरटॉस. प्रेशरचा एडीसी (सेन्सरचा सिग्नल आकड्यात बदलणारी चिप), घड्याळाची चिप, ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) आणि वीस बाय चारचा डिस्प्ले, चौघं एकाच आयटूसी बसवर, म्हणजे दोन तारांच्या सामायिक वाटेवर. बससाठी बायनरी सेमाफोर ठेवलाय. ज्याला बस हवी त्याने तो घ्यायचा, काम झालं की सोडायचा. टास्क तीन. सगळ्यांत वर पंप-संरक्षण (प्रेशर पडलं की मोटर बंद; वॉचडॉगला, म्हणजे थाप चुकली की बोर्ड रीसेट करणाऱ्या टायमरला, थाप तीच मारते), मधे जीएसएम मॉडेम, तळाला डिस्प्ले. घरी टेबलावर आठ-आठ दिवस चालतो. मळ्यात लावला की दोन-तीन दिवसांतून एकदा वॉचडॉग रीसेट करतो, बहुतेक रात्री. वैतागून सेमाफोर काढला तर डिस्प्लेवर कचरा येतो. काय करू?
— निफाडचे एक बागायतदार

दादा, आधी तो सेमाफोर परत लावा. दोष लॉक असण्यात नाही.

रात्री काय होतं ते सांगते. डिस्प्लेच्या टास्कने बस घेतली आणि अक्षरं लिहायला बसली. तेवढ्यात मॉडेमचं काम निघालं. त्याची प्रायॉरिटी जास्त, म्हणून कर्नलने, म्हणजे आरटॉसच्या गाभ्याने, डिस्प्लेला अर्ध्यातून उठवलं आणि मॉडेमला बसवलं. बस मात्र अजून डिस्प्लेच्याच हातात. मग संरक्षणाची टास्क जागी झाली. तिचा मान सगळ्यांत मोठा, पण तिला हवी असलेली बस डिस्प्लेकडे, म्हणून ती वाट बघत झोपली. आता चालतंय कोण? मॉडेम, ज्याला बसशी काही देणंघेणं नाही. तो प्रोसेसर सोडत नाही तोवर डिस्प्लेची पाळी येत नाही, आणि डिस्प्लेची पाळी आल्याशिवाय बस सुटत नाही. साहेब कपाटाच्या किल्लीसाठी खोळंबलेत, किल्ली शिपायाच्या खिशात, आणि शिपायाला मधल्या बाबूने चहा आणायला पाठवलंय. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात.

आता टेबलावर का होत नाही? तुमचा मॉडेमचा कोड ‘ओके’ येईपर्यंत गोल गोल फिरून यूएआर्ट (मॉडेमशी बोलायचा सिरिअल पोर्ट) तपासत बसतो, हे मी पत्र वाचूनच पैजेवर सांगते. घरी रेंज चांगली, उत्तर चटकन येतं, बाबू शिपायाला फार वेळ अडकवत नाही. मळ्यात रेंज एक काडी, आणि उत्तराला काही सेकंद. रात्रीच का, ते तुमच्या फीडरच्या वेळापत्रकात बघा. थ्री-फेज रात्रपाळीला असते तेव्हाच मोटर चालते आणि मेसेजही तेव्हाच जातात. खात्री करायची तर मळ्यात जायला नको. टेबलावर मॉडेमचा अँटेना काढा, दर मिनिटाला एक मेसेज पाठवायला लावा आणि चहा टाका.

यात तुम्ही एकटे नाही. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि थोड्याच दिवसांत त्याचा कॉम्प्युटर अधूनमधून आपोआप रीसेट व्हायला लागला. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही आरटॉस होती. हवामानाच्या मोजमापांची खालच्या प्रायॉरिटीची टास्क लॉक धरून बसायची, मधल्या टास्क तिला बाजूला सारायच्या, आणि माहितीच्या बसचं काम बघणारी वरची टास्क ताटकळायची. ती वेळेत संपली नाही असं दिसलं की यान स्वतःला रीसेट करायचं. हा रीसेट उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही दिसला होता, पण शोधायला गेल्यावर पुन्हा काही आला नाही. तुमच्या टेबलासारखंच. पृथ्वीवरच्या जुळ्या बोर्डावर तो अखेर पकडला गेला, आणि त्या लॉकचा प्रायॉरिटी वारशाने देण्याचा पर्याय बंद होता तो इथूनच चालू केला गेला.

तोच इलाज तुमचा. फ्रीआरटॉसमध्ये बायनरी सेमाफोरला मालक नसतो, म्यूटेक्स या दुसऱ्या प्रकारच्या लॉकला असतो. वरची टास्क म्यूटेक्ससाठी अडली की कर्नल त्याच्या मालकाला तेवढ्यापुरती वरची प्रायॉरिटी देतो. साहेब किल्लीसाठी थांबलेत म्हटल्यावर बाबू शिपायाला चहाला पाठवू शकत नाही. बदल फक्त लॉक तयार करण्याच्या ओळीत. घ्यायची-सोडायची फंक्शनं तीच. एक बघा, बायनरी सेमाफोर जन्मतः रिकामा असतो म्हणून सुरुवातीला तो एकदा ‘सोडायची’ ओळ तुम्ही लिहिली असेल. म्यूटेक्स जन्मतः मोकळाच असतो, ती ओळ काढा.

एवढ्याने रीसेट बहुतेक थांबतील. पण मला तुमच्या डिस्प्लेचं गणित जास्त खुपलं. हे डिस्प्ले पाठीवरच्या छोट्या चिपमार्फत चार-चार बिटांनी चालतात. एका अक्षराचे दोन तुकडे, प्रत्येक तुकडा दोनदा, एकदा एनेबल वर करून आणि एकदा खाली करून. झाले चार बाइट, वर पत्त्याचा एक, म्हणजे पाच. शंभर किलोहर्ट्झला एक बिट १० मायक्रोसेकंद, बाइटला ९ बिट. म्हणजे एक अक्षर ४५० मायक्रोसेकंद, आणि ८० अक्षरांचा पूर्ण पडदा ३६ मिलिसेकंद. तुम्ही लॉक पडद्याच्या सुरुवातीला घेता आणि शेवटी सोडता ना? म्हणजे इन्व्हर्जन नसतानाही मोटर वाचवणारी टास्क ‘टाकी १ : सुरू’ ही अक्षरं उमटेपर्यंत ३६ मिलिसेकंद थांबू शकते. लॉक ओळीगणिक घ्या-सोडा, नऊवर येईल. ईईप्रॉमचंही तेच. पान लिहायला दिलं की ती चिप आत ५ मिलिसेकंदांपर्यंत गुंतते, पण त्या वेळात बस मोकळी असते. ते पाच मिलिसेकंद लॉक धरून काढू नका. सोडा, झोपा, परत या.

मॉडेमचं ते गोल फिरणंही काढा. यूएआर्टच्या इंटरप्टने, म्हणजे हार्डवेअरच्या हाकेने, जागं करावं, तोवर टास्क झोपलेली बरी.

राहिला वाट बघण्याचा काळ. संरक्षणाची टास्क लॉकसाठी ‘अनंत काळ’ थांबते असं दिसतंय. तिथे ५० मिलिसेकंद घाला आणि तेवढ्यात बस मिळाली नाही तर काय करायचं ते लिहून टाका. तुमच्या बाबतीत सोपं आहे, मोटर बंद. लॉक मिळालं की नाही हे न तपासता पुढे जाणारा कोड मी इतक्यांदा पाहिलाय की आता हसूही येत नाही. वेळ संपली, लॉक मिळालं नाही, तरी पठ्ठ्या बसवर लिहितोय. वॉचडॉगची थाप संरक्षणाच्या टास्कमध्येच ठेवलीत हे फार चांगलं केलंत. टायमरच्या इंटरप्टमधून मारली असती तर रीसेटही झाला नसता आणि मोटर कोरडी फिरली असती. त्या पापाची गोष्ट खाली येते.

मॅडम, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, नाशिकमध्येच. प्रोजेक्टमध्ये यूएआर्टच्या इंटरप्टमधून म्यूटेक्स घेतला तर बोर्ड असर्टमध्ये (चूक दिसली की कोड मुद्दाम थांबवणाऱ्या ओळीत) अडकतो. मग मी बफरला (आलेली अक्षरं साठवायच्या जागेला) हात लावताना सगळीकडे इंटरप्टच बंद केले. आता चालतंय, आमचे सरही ‘चालतंय ना’ म्हणाले. पण मधेच एखादं अक्षर गळतं.
— एक विद्यार्थिनी

अक्षर गळतंय हे तुला दिसलं आणि खुपलं, म्हणजे तू या धंद्यात टिकशील.

म्यूटेक्स घेणं म्हणजे ‘नसेल तर थांबते’ असं कबूल करणं. इंटरप्टला थांबता येत नाही. तो टास्क नाही, त्याला झोपवणार कसं? आणि मालकाला प्रायॉरिटी वारशाने द्यायची तर मालक टास्कच हवा. म्हणून इंटरप्टमध्ये म्यूटेक्स नाही म्हणजे नाही. इंटरप्टने बाइट उचलायचा, क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाकायचा आणि निघायचं. पोस्टमन घरात बसून पत्र वाचून दाखवत नाही. त्यासाठी फ्रीआरटॉसने ‘फ्रॉम आयएसआर’ असं शेपूट असलेली वेगळी फंक्शनं दिलीत, तीच वापर.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः दोन दिवस पडून होते. फ्रीआरटॉसच्या टास्कमध्ये आकडा मोठा तेवढा मान मोठा. कॉर्टेक्स-एमच्या इंटरप्टमध्ये उलटं, आकडा लहान तेवढी घाई जास्त. आणि रीसेटनंतर प्रत्येक इंटरप्टची प्रायॉरिटी शून्य असते, म्हणजे सर्वांत तातडीची. कॉर्टेक्स-एम३ किंवा एम४ वर कर्नलची फंक्शनं कोणत्या पातळीपर्यंतच्या इंटरप्टने बोलवायची याची एक मर्यादा सेटिंगच्या फाइलमध्ये असते. शून्यावरचा इंटरप्ट त्या मर्यादेच्या पलीकडे, त्यामुळे बरोबर शेपटाचं फंक्शन वापरूनही असर्ट लागतो. यूएआर्टच्या इंटरप्टला आकडा दिलास का ते आधी बघ.

आता गळणारं अक्षर. तू १,१५,२०० बॉडवर आहेस असं धरते. एका बाइटचे स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट, म्हणजे साधारण ८७ मायक्रोसेकंद. तुझ्या चिपच्या यूएआर्टला एकाच बाइटची जागा असेल, तर इंटरप्ट ८७ पेक्षा जास्त वेळ बंद राहिले की पुढचा बाइट आधीच्यावर येऊन आदळतो. इंटरप्ट बंद करणं वाईट नाही. दोन-तीन चल (व्हेरिएबल) बदलायला, पाच-दहा सूचनांपुरतं, ते सगळ्यांत स्वस्त लॉक आहे. तू बहुधा त्यात आख्खी ओळ कॉपी करतेस, कदाचित प्रिंटही. आणि उद्या ईएसपी३२ वर गेलीस तर एका कोअरचे इंटरप्ट बंद करून दुसरा थांबत नाही, तिथे स्पिनलॉकवालंच (लॉक सुटेपर्यंत दुसऱ्या कोअरला जागीच फिरवत ठेवणारं) लागतं.

सरांशी वाद घालू नकोस. गळलेल्या अक्षरांचा आकडा मोजणारा एक काउंटर लाव आणि तोच त्यांना दाखव.

अंबडच्या एका कंपनीत मी दोन वर्षं फर्मवेअरला आहे. रिव्ह्यूमध्ये माझं आणि सिनिअरचं रोज वाजतं. त्यांचा नियम, फंक्शनला रिटर्न एकच, तोही शेवटी. मला हे आजोबांच्या काळातलं वाटतं. चूक दिसली की लगेच बाहेर पडणं जास्त वाचनीय नाही का?
— नाव छापू नका म्हणणारा वाचक

छापत नाही. पण तुमचे सिनिअर कुठेतरी पोळलेत, एवढं नक्की. मीही पोळले आहे.

काही वर्षांपूर्वी पिंपळगावकडे द्राक्षांच्या प्री-कूलिंगच्या खोल्यांसाठी आम्ही कंट्रोलर केला होता. फर्मवेअर पूर्ण माझं, दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही. खोलीत चार तापमानाचे प्रोब, एका तारेवर. प्रत्येक वाचनाला सीआरसी (वाचन तारेत बिघडलं का ते सांगणारा पडताळ्याचा आकडा) तपासायचा. फंक्शन असं होतं : लॉक घे, प्रोब वाच, सीआरसी चुकला तर चूक परत कर, नाहीतर तापमान लिही, लॉक सोड. वाचताना लक्षात आलं? ‘चूक परत कर’च्या वाटेवर लॉक सुटत नाही. वर्कशॉपमध्ये सीआरसी कधी चुकलाच नाही, कारण तारा अर्धा मीटर आणि जोड नवे. तिथे वीस मीटर तार, दमट हवा आणि एक सैल जोड. फेब्रुवारीत, सीझन भरात असताना, एकदा चुकला. एकदाच.

त्या क्षणापासून लॉक कायमचं अडकलं. वाचणारी टास्क पुढच्या फेरीला स्वतःच्याच लॉकसाठी झोपली. कॉम्प्रेसर चालवणारी टास्कही त्याच लॉकला अडली आणि रिले होता तसा राहिला, बंद. डिस्प्ले वेगळ्या कॉपीतून दाखवायचा, म्हणून पडद्यावर शांतपणे ३.५ अंश. वॉचडॉगला थाप मी टायमरच्या इंटरप्टमधून मारत होते, आणि तो इमानेइतबारे वेळेवर येत होता. वॉचडॉगच्या लेखी सगळं आलबेल. पहाटे सुपरवायझर काचेचा थर्मामीटर घेऊन आत गेला म्हणून कळलं. त्याने फोनवर एवढंच विचारलं, ‘‘मॅडम, तुमचा साडेतीन आणि माझा अकरा, खरा कोणता?’’

तर उत्तर. सी मध्ये लॉक धरलेलं असताना सिनिअरचं बरोबर : आत शिरायचं दार एक, बाहेर पडायचं एक. पण तुमची वाचनीयताही राखता येते. फंक्शन दोनांत तोडा. बाहेरचं फक्त लॉक घेतं, आतल्याला बोलावतं, लॉक सोडतं. आतलं हवं तितक्यांदा रिटर्न करू दे, लॉकशी त्याचा संबंध नाही. आतल्याच्या नावातच लिहा की लॉक आधीच घेतलेलं आहे, नाहीतर सहा महिन्यांनी कोणी तिथे पुन्हा लॉक घेईल आणि साधा म्यूटेक्स स्वतःवरच अडेल. मग तो माणूस म्हणेल, रिकर्सिव्ह म्यूटेक्स (एकाच टास्कला पुन्हा पुन्हा घेता येणारा) लावू. लावता येतो, पण मला तो गळक्या नळाखाली बादली ठेवल्यासारखा वाटतो. लॉक कोण कधी घेतं हे टीमला माहीत नाही, एवढंच त्यातून कळतं. तुम्ही सी++ वापरत असाल तर भांडणच संपलं. २०११ च्या प्रमाणापासून लॉक-गार्ड आहे, चौकटीबाहेर पडलं की लॉक आपोआप सुटतं, रिटर्न पाच असोत की पन्नास. फ्रीआरटॉससाठी तसा गार्ड दहा-पंधरा ओळींत होतो.

सटाण्याहून लिहितोय. दुधाच्या टाक्यांचा डेटा लॉगर. चार टास्क एसडी कार्डावर लिहितात, त्यातल्या दोन मॉडेमही वापरतात. कार्डाला एक लॉक, मॉडेमला एक. आठवड्यातून एकदा या चारही टास्क कायमच्या गप्प होतात, बाकीचं चालू राहतं.
— सटाण्याचे एक वाचक

टूलरूममध्ये दोघं कामगार. एकाने चक-की घेतली आणि डायल गेजची वाट बघतोय. दुसऱ्याने डायल गेज घेतला आणि चक-कीची वाट बघतोय. दोघंही सभ्य, कोणी हिसकावत नाही. पाळी संपते, लेथ उभाच. तुमची एक टास्क कार्ड धरून मॉडेम मागते, दुसरी कुठेतरी मॉडेम धरून कार्ड मागते, आणि कार्डाचं लॉक अडकलं म्हणून बाकीच्या दोघीही त्याच्यासाठी खोळंबतात. शोधा, सापडेल; बहुधा एररचा संदेश कार्डावर नोंदवणाऱ्या फंक्शनमध्ये, ज्याच्या पोटात लॉक आहे हे विसरायला होतं. सरळ उपाय म्हणजे क्रम ठरवणं : आधी कार्ड, मग मॉडेम, सगळ्यांनी, नेहमी. हेडर फाइलमध्ये वर लिहून ठेवा.

पण तुमच्या जागी मी लॉकच काढले असते. तुमच्याच बागलाणातली फड पद्धत, बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची, आठवा. मोसम-आरम नद्यांच्या बंधाऱ्यांवर शेतकरी स्वतः उठून पाट फोडत नाही. पाणी शेतापर्यंत पाटकरी पोचवतो, त्यामुळे बांधावर कोणाचं कोणाशी भांडण नाही. कार्डाला असाच एक पाटकरी नेमा. कार्डाला हात लावणारी टास्क एकच. बाकी चौघींनी आपली नोंद क्यूमध्ये टाकायची आणि आपल्या कामाला लागायचं. कार्डाचं लॉक गेलं, लॉक गेलं म्हणून क्रमही गेला.

दोन गोष्टी सांभाळा. फ्रीआरटॉसची क्यू माल कॉपी करून घेते, तेव्हा नोंदच टाका. फंक्शनच्या आतल्या बफरचा पत्ता टाकलात तर पाटकरी पोचेपर्यंत तिथे दुसरंच काही असेल. आणि कार्ड कधीकधी मधेच शेकडो मिलिसेकंद अडून बसतं, तेव्हा क्यू भरेल. भरल्यावर जुनी नोंद फेकायची, नवी फेकायची की थांबायचं, हे आधी ठरवा. दुधाच्या तापमानाला मी नवी ठेवेन, आणि किती फेकल्या त्याचा आकडाही.

मॅडम, व्होलाटाइल लावलं की लॉकची गरज नाही ना? ऊनो बोर्डावर पाण्याच्या मीटरचे पल्स मोजतोय, सोळा बिटांचा काउंटर.
— सिन्नरहून

आहे. व्होलाटाइल फक्त कंपायलरला सांगतं की दर वेळी मेमरीतून वाच. एका दमात वाच असं सांगत नाही. तुमच्या बोर्डावरचा प्रोसेसर आठ बिटांचा, सोळा बिटांचा आकडा तो दोन घासांत वाचतो. समजा काउंटर २५५ वर आहे. खालचा बाइट वाचला, २५५. तेवढ्यात पल्स आला, इंटरप्टने काउंटर २५६ केला, म्हणजे वरचा १ आणि खालचा ०. आता तुम्ही वरचा वाचलात, १. जोडून झाले ५११. पुढच्याच वाचनाला पुन्हा नीट २५६ दिसेल. इंटरप्ट बंद करा, आकडा स्थानिक चलात उतरवा, इंटरप्ट आधी होते तसे करा, आणि मग त्या कॉपीवर हवा तो हिशोब करा.